जळगावची सावली, मैत्रीची सावली: ध्रुव आणि सौरऊर्जा शाळेच्या अंगणात

ध्रुवावर एवढी थंडी का, असं विचारलं की वर्गातून ठरलेलं उत्तर येतं: तिथे ऊन तिरपं पडतं. उत्तर चूक नाही, अर्धं आहे. उरलेलं अर्धं चौथी ते आठवीच्या मुलांना अंगणातच दाखवता येतं, आणि त्यासाठी खानदेशात सर्वांत सोयीचा दिवस म्हणजे २२ डिसेंबर. शून्य सावलीच्या, म्हणजे मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येऊन काठीची सावलीच दिसत नाही त्या दिवसाच्या, नादी लागू नका. ती इथे २५ मेच्या आसपास आणि १७-१८ जुलैला येते. पहिली सुट्टीत जाते, दुसरी ढगांत.

एक मीटरची सरळ काठी सपाट जागेवर उभी करा. उभी आहे का, ते नुसत्या नजरेने ठरवू नका. गवंड्याचा ओळंबा किंवा दोऱ्याला बांधलेला नट दोन बाजूंनी धरून बघा. काठी दक्षिणेकडे २ अंश कलली तरी सावली साडेतीन सेंमीने चुकते. दुसरी हमखास चूक म्हणजे घड्याळात १२ वाजले की मोजायचं. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि आपण बरेच पश्चिमेला. त्या दिवशी खरी मध्यान्ह जळगावला १२.२६, धुळ्याला १२.२९ आणि नंदुरबारला १२.३१ च्या सुमारास होते. म्हणून १२.१० ते १२.५० दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करायची आणि सर्वांत आखूड सावली धरायची. जळगावला ती सुमारे ९८ सेंमी भरेल, म्हणजे जवळजवळ काठीएवढीच.

आता फळ्यावर मैत्री मांडा. अंटार्क्टिकावरचं हे भारतीय केंद्र १९८९ पासून आहे, अक्षांश ७०°४६′ दक्षिण. त्याच दिवशी तिथल्या मध्यान्हीला तशाच काठीची सावली सुमारे १०८ सेंमी. फरक फक्त दहा सेंमीचा, आणि तिथे तर त्या दिवशी सूर्य मावळतही नाही! मग बर्फ का वितळून जात नाही? इथे वर्ग गप्प होतो. होऊ द्या, लगेच उत्तर देऊ नका.

दोन सारख्या स्टीलच्या ताटल्या घ्या. एकीत शेतातली काळी माती, पूर्ण वाळवून चाळलेली. दुसरीत बर्फाच्या जागी कोरडं बारीक मीठ. दोन्हींत थर ३ सेंमीचा. थर्मामीटरचा फुगा दोन्हीकडे बरोबर १ सेंमी खोल. तापाचा थर्मामीटर चालत नाही; प्रयोगशाळेतला लाल अल्कोहोलचा घ्या. ताटल्या थर्माकोलवर ठेवून अर्धा तास उन्हात, दर पाच मिनिटांनी नोंद. माती पुढे जाते. माती ओली राहिली तर पाणी उडताना उष्णता नेतं आणि निकाल फसतो. बर्फ म्हणून कापूस पसरायचा मोह आपल्याकडे होणारच, पण कापूस नुसता पांढरा नाही, तो उष्णता अडवतोही. मग फरक रंगाचा की कापसाचा, हे सांगता येत नाही.

ताजं हिम ऊन ८० ते ९० टक्के परत फेकतं, मोकळा समुद्र जेमतेम ६ टक्के. मैत्री स्वतः शिर्माकर नावाच्या टेकड्यांच्या उघड्या खडकावर आहे, म्हणून तिच्यासमोरचं प्रियदर्शिनी तळं उन्हाळ्यात मोकळं होतं. हिवाळ्यात मात्र तिथे सुमारे दोन महिने सूर्य उगवतच नाही, हेही सांगा. नाहीतर मुलं तिरप्या उन्हाचं उत्तर पार खोडून टाकतील.

सहावीच्या पुढे सौर पॅनेल आणा. ६ व्होल्टचं छोटं पॅनेल आणि मल्टिमीटर पुरे. बहुतेक जण इथे व्होल्टेज मोजतात आणि पॅनेल कलवूनही आकडा फारसा हलत नाही म्हणून गोंधळतात. मोजायचा तो करंट. डीसी १० अँपिअरच्या जागी लाल वायर लावून पॅनेलच्या दोन टोकांना थेट जोडा. एवढ्या छोट्या पॅनेलला धोका नाही. बॅटरीला मात्र असं कधीही जोडू नका. आधी पॅनेल सूर्यासमोर सरळ धरा, मग ऊन पॅनेलच्या पृष्ठभागाशी ३० अंशांचा कोन करून लागेल इतकं कलवा: करंट साधारण निम्म्यावर येतो. आता त्याच कललेल्या पॅनेलपुढे जमिनीवर चुना दिलेला पुठ्ठा ठेवा. आकडा थोडा चढतो. मिठाच्या ताटलीने परत फेकलेलं ऊन ते हेच. साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प काही मुलांनी पाहिलेला असतो. तिथली पॅनेलं दक्षिणेकडे का कललेली आहेत, हे आता त्यांना विचारा.

बर्फाचा प्रयोग लहानांसाठी. एका ग्लासात पाण्यावर तरंगणारा बर्फ, दुसऱ्यात पाण्याबाहेर डोकं काढलेल्या दगडावर ठेवलेला तेवढाच बर्फ. पहिला म्हणजे समुद्रावर तरंगणारा बर्फ, दुसरा म्हणजे अंटार्क्टिकासारखा जमिनीवरचा. बर्फ वितळल्यावर पहिल्याची पातळी जागेवरच राहते, दुसऱ्याची चढते. आपल्या उकाड्यात ग्लासाला बाहेरून घाम येतो आणि पेनची खूण पुसली जाते, रबरबँड लावा.