स्प्रेड आधी उलटा धरून बघा
म्युझिक मॅगझिनच्या स्प्रेडचं, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांचं, डिझाइन अभ्यासायचंय ना, मग वाचायच्या आधी पान चक्क उलटं धरा, म्हणजे अक्षरं वाचली जात नाहीत आणि नजर आधी कुठे जाते ते लगेच कळतं, बहुतेक वेळा फोटोवरच. आता सरळ करा. कलाकार आपल्याकडे बघतोय की मजकुराकडे? हेडलाइनचा रंग त्याच्या जॅकेटमधून उचललाय का, चेहरा मधल्या घडीत तर जात नाहीये ना? फॉन्टकडे तर नीटच बघा, गाण्याचा बाज तिथेच दिसतो. १९९४ मध्ये 'रे गन' या अमेरिकन म्युझिक मासिकात डिझायनर डेव्हिड कार्सनने गायक ब्रायन फेरीची मुलाखत नुसत्या चिन्हांच्या फॉन्टमध्ये लावली होती, एक शब्द वाचता येत नव्हता! आणि 'छान दिसतंय' एवढ्यावर थांबू नका, कोणत्या वाचकासाठी असं केलंय तेही लिहा.