मोकळ्या वावरात धनुष्यबाण: सुरुवात कशी करावी

सोयाबीन निघालं की वावर मोकळं होतं. धनुर्विद्या शिकायला पंधरा मीटरची सपाट पट्टी आणि तिच्या टोकाला उंच धुरा एवढं पुरतं. धुऱ्यापलीकडे पायवाट किंवा गुरांची ये-जा असेल तर ती जागा सोडा.

आधी आपला मुख्य डोळा ओळखा. हात लांब करून दोन्ही पंज्यांत छोटी फट ठेवा, तिच्यातून दूरचं झाड बघा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला झाड फटीतच दिसतं, तो मुख्य. तो उजवा असेल तर धनुष्य डाव्या हातात धरायचं.

नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ साली बर्लिनला जगज्जेतेपद मिळवलं ते कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्यावर, म्हणून पोरं तेच मागतात. त्याची चाकं पूर्ण ओढल्यावर बराचसा भार उचलतात. हात बसायला साधं बांबूचं किंवा लाकडी धनुष्यच बरं. ओढायला लागणारा जोर मोठ्या माणसाला १६ ते २० पौंड, दहा-बारा वर्षांच्या पोराला १० ते १४. फावडं चालवणाऱ्याला हे हलकं वाटतं, पण इथे जोर दंडाचा नाही, पाठीचा. जड धनुष्याने दहाव्या बाणालाच खांदा वर चढतो आणि ती खोड नंतर सुटत नाही. ओढून दहा सेकंद स्थिर धरता आलं नाही, तर ते तुमच्यासाठी जड आहे.

दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर इंचात मोजा आणि २.५ ने भागा. ६५ इंच भरले तर ओढ, म्हणजे दोरी मागे येण्याचं अंतर, २६ इंच. बाण त्याहून दोन इंच लांब घ्या. आखूड बाण ओढताना मागे सरकतो आणि सोडताच हातात घुसू शकतो. बांबूच्या धनुष्यात बाण मुठीवर टेकतो, म्हणून पिसांचेच बाण आणि त्या हातात पातळ हातमोजा. त्याच हाताच्या मनगटाच्या वर आर्म गार्ड, म्हणजे दोरीचा फटका अडवणारी पट्टी. दोरी ओढणाऱ्या बोटांना फिंगर टॅब, म्हणजे बोटं सोलू न देणारा तुकडा.

टार्गेटसाठी युरियाच्या रिकाम्या पोत्यांत जुनी लुगडी, चादरी ठासून भरा. सैल कुटारातून बाण आरपार जातो, पऱ्हाटीवर आपटून मोडतो.

पहिले दोन आठवडे पाच मीटरवरून, निशाणाचा कागद न लावता. पाय खांद्याइतके फाकवा, टार्गेटला कूस द्या. पहिलं बोट बाणाच्या वर, दोन खाली. दोरी हनुवटीखाली दरवेळी त्याच जागी टेकली पाहिजे. ती जागा इंचभर हलली की बाण वर-खाली जातो. सोडताना बोटं नुसती सैल करा. दोरीला झटका दिला तर बाण बाजूला पळतो. दोरी हातावर फटका मारत असेल तर धनुष्याच्या हाताची कोपर खाली वळली आहे. तिचा खळगा वर नको, बाजूला वळलेला ठेवा. बाण न लावता ओढलेली दोरी कधीच सोडू नका. सगळा जोर धनुष्यावर येऊन ते तडकतं.

सगळ्यांचे बाण सुटल्यावरच पुढे जा. बाण काढताना एक हात टार्गेटवर दाबा, दुसऱ्याने टार्गेटलगत धरून सरळ ओढा. मग प्रत्येक बाण हलका वाकवून कान द्या. तडतडला तर मोडून टाका.

सराव संपला की दोरी उतरवा. उन्हाळ्यात धनुष्य टिनाच्या खोलीत ठेवू नका, तिथे बांबू वाळून चिरतो. आतल्या मातीच्या भिंतीला आडवं टांगा.