लसणाचे तेल घरी सुरक्षित कसे करावे: आधी आम्ल, मग तेल

लसूण जंतुनाशक असतो, म्हणून लसणाचे तेल आपोआप टिकते, हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. तो जिवावर बेतू शकतो. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात, एका उपाहारगृहात फ्रिजबाहेर ठेवलेल्या तेलातल्या लसणामुळे ३६ जणांना बॉट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी जीवघेणी विषबाधा झाली. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या किंग्स्टनला पुन्हा तेच घडले. मग अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तेलातल्या लसणात आम्ल किंवा तत्सम जंतुरोधक घटक असलाच पाहिजे, असे उत्पादकांना बजावले. लसूण दोन्ही ठिकाणी होता आणि त्याने कुणालाही वाचवले नाही.

याला कारणीभूत असलेला जिवाणू म्हणजे क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम. त्याचे बीजाणू, म्हणजे त्याची सुप्त, टणक रूपे, मातीत असतात, त्यामुळे जमिनीखाली वाढणाऱ्या लसणाबरोबर ती घरात येऊ शकतात. त्यांना उगवायला ओलावा हवा, प्राणवायू नको आणि आंबटपणा कमी हवा. तेलात बुडालेल्या पाकळीत या तिन्ही गोष्टी जुळून येतात: आत पाणी, बाहेर हवा अडवणारे तेल आणि लसणाचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) साधारण ६ च्या आसपास. सामू ४.६ किंवा त्याखाली गेला की हे बीजाणू उगवत नाहीत. म्हणून इथे कामाचे नैसर्गिक परिरक्षक एकच, सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजेच लिंबूसत्त्व. लिंबात असते तेच हे आम्ल. बाजारातले बहुतेक अ‍ॅस्परजिलस नायजर या बुरशीकडून साखर आंबवून घेऊन बनवतात. रेणू तोच, त्यामुळे ‘हे कितपत नैसर्गिक’ या वादात वेळ घालवू नका.

१. वजन करा. सोललेला लसूण १०० ग्रॅम, पाणी २९१ ग्रॅम, सायट्रिक अ‍ॅसिड ९ ग्रॅम. म्हणजे ३ टक्क्यांचे द्रावण, लसणाच्या तिप्पट वजनाचे. चमच्याने मोजू नका. बारीक आणि जाड दाण्यांच्या चमच्यात बराच फरक पडतो. एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा काटा हवाच.

लिंबू पिळून हे काम भागत नाही. लिंबाच्या रसातले आम्ल फळागणिक बदलते, आणि इथे अंदाजाला जागा नाही.

२. चिरा. कोणत्याही बाजूने ६ मिलिमीटरपेक्षा मोठा तुकडा नको. अख्ख्या पाकळ्या बाटलीत छान दिसतात, पण या पद्धतीत त्या चालत नाहीत.

३. आम्लात मुरवा. सगळे यश या पायरीवर आहे, आणि मला सर्वाधिक झगडायला लागले तेही इथेच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. सायट्रिक अ‍ॅसिड तेलात विरघळत नाही. मीठही विरघळत नाही. तेलाच्या बाटलीत चिमूटभर लिंबूसत्त्व टाकले, तर ते तळाशी खड्यांच्या रूपात पडून राहते. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर ओतले, तर त्याचा वेगळा थर खाली बसतो. त्याला टेकलेले तुकडे आंबट होतात, वरचे जसेच्या तसे राहतात. ‘भरल्यावर वरून थोडे व्हिनेगर घाला’ हे वाक्य ज्या कृतीत दिसेल ती कृती सोडून द्या. आम्ल आत शिरायचे ते पाण्यातूनच, आणि तेलाशी गाठ पडण्याआधीच. एकदा तुकड्यावर तेल चढले की वाट बंद झाली.

द्रावणात लसूण टाकल्यावर तुकडे वर तरंगतात. वरचा थर हवेत उघडा राहिला तर त्यात आम्ल जात नाही, म्हणून वर छोटी बशी दाबून ठेवा किंवा पाणी भरलेली स्वच्छ पिशवी ठेवा. सगळे तुकडे द्रावणाखाली हवेत. खोलीच्या तापमानाला किमान २४ तास. बारा नाही, ‘रात्रभर’ही नाही. आम्ल पृष्ठभागाकडून गाभ्याकडे हळूहळू सरकते. बाहेरून चाखून तुकडा आंबट लागला म्हणजे आतही तितकाच आंबट झाला असे होत नाही, आणि बीजाणू उगवायला तो आतला ओला, आंबट न झालेला भागच पुरतो.

मुरताना लसूण कधीकधी हिरवा किंवा निळसर होतो. पहिल्यांदा बघणारा हमखास घाबरून फेकून देतो. लसणातली गंधकयुक्त संयुगे आम्लात एकमेकांशी जुळून हा रंग तयार करतात; त्याचा जंतूंशी काही संबंध नाही. खायला तो लसूण ठीक असतो.

आता सामू मोजणे. पद्धत काटेकोर पाळली असेल तर रोज मोजायची गरज नाही, पण पहिल्या खेपेला आणि लसूण किंवा अ‍ॅसिड बदलल्यावर मी मोजतोच. गोंधळ इथे होतो, कारण एकाच वाटीतून वेगवेगळे आकडे मिळतात. तुकड्यांवर द्रावण चिकटलेले असताना मीटर टेकवले, तर तुम्ही द्रावणाचा सामू मोजताय, लसणाचा नव्हे, आणि आकडा फसवा छान येतो. त्यामुळे असे करा: द्रावण गाळून टाका, वाटीतले सगळ्यात जाड तुकडे निवडा, टिपकागदावर कोरडे करा, थोडे डिस्टिल्ड वॉटर घालून मिक्सरमध्ये अगदी बारीक लगदा करा आणि मग मोजा. १०० ग्रॅमला १० ते २० मिलिलिटर पाणी पुरते. मीटर त्याच दिवशी ७.०० आणि ४.०१ च्या बफर द्रावणांवर (सामू आधीच ठरलेली द्रावणे) जुळवून घ्या. न जुळवलेल्या मीटरवर विसंबण्यापेक्षा मीटर नसलेला बरा.

मर्यादा ४.६ ची असली तरी मी ४.२ च्या वर आलेला लसूण तेलात घालत नाही. सामूची मोजपट्टी पटीत चालते: ३.६ च्या तुलनेत ४.६ ला आम्लता दहापटीने कमी असते, त्यामुळे ‘जरासा जास्त आलाय’ असे म्हणायची सोय नाही. कागदी पट्ट्या वापरत असाल तर ४.० किंवा त्याखालचाच रंग मान्य करा. आकडा वर आला तर तुकडे आणखी बारीक करून ताज्या द्रावणात पुन्हा २४ तास.

४. निथळा. धुऊ नका. आत घालवलेले आम्ल पाण्याने परत काढण्यात अर्थ नाही.

५. तेलात घाला. एक भाग लसणाला दहा भाग तेल, वजनाने. हे प्रमाण स्वादासाठी आहे.

६. मुरू द्या. एक ते दहा दिवस, स्वाद आवडेल तोवर. मग गाळा किंवा तसेच ठेवा. नीट आम्ल मुरलेले तेल बाहेर ठेवता येते. फ्रिजमध्ये ठेवले तर खवट व्हायला जास्त वेळ लागतो, इतकेच.

बेसिल, ओरेगॅनो आणि रोझमेरीसाठीही ३ टक्क्यांच्या द्रावणात २४ तास हीच पद्धत तपासलेली आहे, फक्त पाला हलका असल्याने द्रावण दहापट घ्यावे लागते. मिरची, आले किंवा हाती लागेल ते याच मापात बसवू नका. प्रत्येक पदार्थ आम्ल वेगळ्या गतीने शोषतो.

बाकी ‘नैसर्गिक परिरक्षकां’चे बघू. रोझमेरीचा अर्क तेलाला खवट होण्यापासून वाचवतो, जंतूंपासून नव्हे. लवंग आणि दालचिनीचे तेल प्रयोगशाळेतल्या बशीत जिवाणू मारते खरे, पण पदार्थातली चरबी आणि प्रथिने त्याला धरून ठेवतात. परिणाम साधेल इतके घातले तर पदार्थ तोंडात धरवत नाही. दुधातल्या जिवाणूपासून मिळणारे निसिन उत्तम आहे, मात्र ते साल्मोनेलासारख्या बाहेरचे आवरण असलेल्या जिवाणूंवर एकट्याने चालत नाही. मीठ बॉट्युलिनमला रोखते, पण त्यासाठी पदार्थातल्या पाण्यात ते साधारण १० टक्के असावे लागते. यातले एकही तेलातल्या लसणासाठी आम्लाची जागा घेत नाही.

लसूण आधी परतून घेतला तर? तरीही नाही. बीजाणू उकळत्या पाण्याच्या तापमानाला टिकतात. त्यांना मारायला प्रेशरखाली १२१ अंश सेल्सिअसपर्यंत जावे लागते, आणि ओल्या तुकड्याचा गाभा कढईत तिथवर पोहोचत नाही.

आम्लात मुरवायला वेळच नसेल तर लागेल तेवढेच ताजे तेल करा, लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा, किंवा थेट फ्रीझरमध्ये टाका. बाहेर विसरलेली बाटली मात्र वास घेऊन तपासू नका, बोट बुडवून चाखू तर मुळीच नका. या विषाला रंग, वास, चव यांपैकी काहीच नसते. बाटली झाकणासकट पिशवीत बांधून फेका. असे तेल आधीच पोटात गेले असेल आणि दृष्टी दुहेरी होणे, पापण्या जड होणे, गिळायला किंवा बोलायला त्रास होणे यांपैकी काही जाणवले, तर वाट न बघता रुग्णालय गाठा आणि लसणाचे तेल खाल्ल्याचे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. यावरचे प्रतिविष जितके लवकर मिळेल तितके जास्त उपयोगी पडते.