फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये व्यायाम कसा करायचा: पेशंटसाठी आणि सांभाळणाऱ्यांसाठी

बाबांना लंग कॅन्सर निघाला तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण जाताना एकच सांगून जायचा, आता फक्त आराम करा. आम्हीही तेच केलं, पाण्याचा ग्लाससुद्धा हातात नेऊन द्यायचो, आणि दीड महिन्यात कमोडवरून उठायला त्यांना माझा हात लागायला लागला. सगळा दोष कॅन्सरचा नव्हता, झोपून राहून मांड्यांचे स्नायू गेले होते. स्नायू गेले की तेवढ्याच कामाला जास्त दम लागतो आणि दम लागतो म्हणून माणूस अजून झोपून राहतो. हे तोडायचं कसं ते आम्ही फिजिओकडून शिकलो, तेच लिहितेय.

आधी डॉक्टरांना विचारून घ्या

नुसतं "व्यायाम करू का" विचारलंत तर "हो, थोडं चाला" एवढंच उत्तर मिळतं. नेमकं विचारा. हाडांत पसरलाय का? असेल तर वजन उचलणं, कंबरेतून वाकणं, पीळ देणं बंद, कारण तिथलं हाड साध्या झटक्यानेही मोडू शकतं. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट व्यायामापुरते आहेत का? आणि ऑक्सिजन किती खाली आला की थांबायचं? बऱ्याच जणांना ८८ किंवा ९० सांगतात, पण तुमच्या पेशंटचा आकडा डॉक्टरांकडूनच घ्या. ऑक्सिमीटर लावताना हात गरम आणि स्थिर हवा, नेलपेंट नको, आणि लावल्यावर अर्धा मिनिट थांबून मग आकडा वाचा.

पहिली पायरी: श्वास

बशीतला चहा फुंकतो ना तसे ओठ करायचे. नाकाने २ मोजेपर्यंत आत, ओठांतून ४ मोजेपर्यंत हळूहळू बाहेर, जोर अजिबात लावायचा नाही. ओठ आवळल्यामुळे श्वासनलिका जास्त वेळ उघड्या राहतात आणि आत अडकलेली हवा बाहेर पडते. हे दम लागलेला असताना शिकवायला जाऊ नका, घाबरलेल्या माणसाला काही सुचत नाही, शांत बसलेले असताना दिवसातून ३-४ वेळा सराव करून घ्या. दम लागलाच तर खुर्चीत बसून पुढे झुकायचं, कोपरं मांड्यांवर टेकवायची, खांदे सैल सोडायचे आणि हाच श्वास.

दुसरी पायरी: खुर्ची

चाकं नसलेली घट्ट खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पुढच्या कडेला सरकून बसायचं, पाय थोडे मागे, पुढे झुकायचं आणि श्वास सोडत उठायचं, मग हळूच बसायचं. धपकन बसू देऊ नका, हळू बसण्यातच मांड्यांचा खरा व्यायाम आहे. ५ वेळा, दिवसातून दोनदा. सुरुवातीला हाताचा आधार चालेल. जेवण झाल्या झाल्या नको.

तिसरी पायरी: चालणं

आम्ही बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये थोड्या थोड्या अंतरावर ३ प्लॅस्टिकच्या खुर्च्या ठेवल्या. ३ मिनिटं चालायचं, बसायचं, परत ३ मिनिटं. पहिल्या आठवड्यात बाबा दोन नंबरच्या खुर्चीच्या पुढे गेले नाहीत, तरी चालेल, मोजायची ती मिनिटं, अंतर नाही. चालताना एक अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे, दोन शब्दांवर श्वास तुटत असेल तर वेग कमी करा. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या २०१९ च्या शिफारशीत कॅन्सर पेशंटसाठी आठवड्यातून ३ दिवस ३० मिनिटं मध्यम व्यायाम आणि २ दिवस ताकदीचे व्यायाम असं आहे. पण ते लांबचं टार्गेट समजा, आणि ३० मिनिटं १०-१० ची तीन करून झाली तरी चालतात. जिना चढताना पाऊल उचललं की श्वास सोडायचा, एवढ्यानेच खूप फरक पडतो.

केमोनंतरचे काही दिवस फारच वाईट जातात, तेव्हा खुर्ची आणि श्वास एवढंच करा पण पूर्ण बंद करू नका. तळपायाला मुंग्या येत असतील तर स्लिपर काढून टाका, मागे पट्टा असलेलं काहीतरी घाला, नाहीतर पडायची भीती. घरी ऑक्सिजन मशीन असेल तर नळी पायात येत नाही ना ते बघा आणि फ्लो स्वतःच्या मनाने वाढवू नका. ऑपरेशन झालं असेल तर श्वासाच्या व्यायामासाठी देतात ते तीन बॉलवालं यंत्र फुंकायचं नसतं, ओढायचं असतं, आमच्याकडे दोन दिवस उलटंच चाललं होतं.

लगेच थांबा

छातीत दुखलं, चक्कर आली, थुंकीत रक्त दिसलं, अचानक दम वाढला, एकच पोटरी सुजून दुखायला लागली, पाठीत नवीन जोराचं दुखणं किंवा पाय लुळे वाटले, तर थांबा आणि लगेच हॉस्पिटलला फोन करा. ताप १०० च्या वर जायला लागला तर व्यायाम नाही आणि केमो चालू असेल तर फोन त्याच वेळी, सकाळची वाट बघू नका.

सांभाळणाऱ्यांनी

काखेत हात घालून ओढून उठवू नका, त्यांचा खांदा जातो आणि तुमची कंबर. माझी गेली होती, आठ दिवस मीच पडून होते आणि घर अडलं. त्यांना खुर्चीच्या कडेला आणा, तुमचे गुडघे वाकवा, एक-दोन-तीन म्हणा आणि त्यांना स्वतःच्या पायावर उठू द्या. चालताना अर्धं पाऊल मागे राहा, "चला चला" म्हणू नका, प्रश्न विचारत राहू नका, बोलण्यातही श्वास जातो. आणि स्वतःसाठी २० मिनिटं बाहेर चालून या, तेवढ्या वेळापुरतं कुणाला तरी घरी बसवा, अपराधी वाटेल तरी जा.

एक वही करा. तारीख, किती मिनिटं, ऑक्सिजन, आणि दम ० ते १० मध्ये किती, हे पेशंटनेच सांगायचं. ३-४ पर्यंत ठीक. आमच्या वहीत तेवढ्याच चालण्याला दोन दिवसांत ४ चा ७ झाला, वर्षभरापूर्वी आम्ही अशक्तपणा म्हणून सोडून दिलं असतं. फोन केला तर फुफ्फुसाच्या आवरणात पाणी साठलेलं निघालं. ते काढलं, आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर परत ३ मिनिटांपासून सुरू केलं, दोन नंबरच्या खुर्चीपर्यंत.