बाहुलीघराच्या फर्निचरला पातळ लाकूड कुठलं घ्यायचं?
आधी स्केल ठरवा. 1:12 (म्हणजे खऱ्या वस्तूच्या बाराव्या भागाएवढं) असेल तर खऱ्या टेबलाची 18 मिमीची फळी आपल्याकडे फक्त दीड मिमी होते, म्हणून 3 मिमीचा प्लाय वापरला की खुर्ची एकदम बोजड दिसते. बाल्सा हे अगदी हलकं, मऊ लाकूड एरोमॉडेलिंगच्या (छोटी विमानं बनवायच्या छंदाच्या) दुकानात मिळतं, कटरने सहज कापलं जातं पण नखानेसुद्धा खड्डा पडतो, त्यामुळे खुर्चीच्या पायांना मी बासवुड, म्हणजे त्याहून टणक लाकूडच घेते. सागाच्या रेषा मला फार आवडतात, पण इवल्याशा कपाटावर त्या मोठ्या वाटतात, बारीक रेषांचंच लाकूड बघा. पट्टी डोळ्यासमोर धरून कडेने नजर टाका, वाकलेली असेल तर घेऊच नका. आणि सुतारकाकांकडे व्हिनियरचे (लाकडाच्या अगदी पातळ पापुद्र्याचे) उरलेले तुकडे नक्की मागा, टेबलावर चिकटवायला मस्त!