बागेतला शिकारी भुंगेरा कसा ओळखावा

पुण्यात जूनचे पहिले पाऊस झाले की अंगणातल्या दिव्याखाली आणि कुंड्यांच्या बुडाशी काळे भुंगेरे दिसू लागतात. त्यांतले कॅराबिडी कुळातले बहुतेक भुंगेरे अळ्या, गोगलगायी आणि इतर किडे खाणारे, म्हणजेच मित्रकीटक असतात. म्हणून फवाऱ्याला हात घालण्यापूर्वी ओळख पटवावी.

शोधण्यासाठी रात्री विजेरी घेऊन कुंड्या उचलाव्यात. सापडलेला भुंगेरा पारदर्शक डबीत घ्यावा, मात्र बोटांनी नव्हे. याच कुळातला बाँबर्डिअर भुंगेरा शेपटाकडून जवळजवळ उकळत्या तापमानाचा दाहक फवारा सोडतो. वेताळ टेकडीसारख्या झुडपी माळांवर आढळू शकणारा, सहा पांढऱ्या ठिपक्यांचा मोठा अँथियाही आम्ल उडवतो. टेकडीवर वाकून पाहताना चेहरा दूर ठेवावा, कारण डोळ्यांत गेल्यास ते गंभीर ठरते.

खरी अडचण पुढे आहे. ‘काळा आणि चकचकीत असेल तर तो शिकारी’ हा सर्वत्र मिळणारा सल्ला कुचकामी आहे, कारण कुजका पाला खाणारे टेनेब्रिओनिडी कुळातले भुंगेरेही तसेच काळे असतात आणि मीही बराच काळ याच जोडीपाशी अडत असे. वेगावरही विसंबू नये. गारठलेला शिकारी मंद चालतो. मिशा पाहाव्यात. शिकाऱ्याच्या मिशा दोऱ्यासारख्या बारीक असतात आणि डोळा व जबडा यांच्यामध्ये उघड्यावर उगवतात, तर दुसऱ्याच्या मिशांचे मूळ डोक्याच्या कडेखाली दडलेले असते व त्यांचे मणी सहसा ठळक दिसतात. तरीही शंका राहिली तर डबी उचलून खालून भिंगाने पाहावे. शिकाऱ्याच्या मागच्या पायांची मुळे पोटाच्या पहिल्या वलयाला मधोमध दुभंगतात. टेनेब्रिओनिडीत ते वलय सलग असते. माझ्या मते हीच एक खूण निर्णायक मानावी. पाऊल मोजण्याचा उपायही आहे (शिकाऱ्याच्या प्रत्येक पावलाला पाच पेरे, दुसऱ्याच्या मागच्या पावलाला चार), पण धावत्या किड्याची पेरी मोजायला फार चिकाटी लागते.

अळ्यांची गल्लत मात्र होऊ नये: इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी ती मुळे कुरतडणारी हुमणी, आणि लांबट, चपटी, पुढे जबडे व शेवटी दोन शेपट्या असलेली धावरी अळी ती शिकाऱ्याची.

घरात शिरलेला भुंगेरा पेल्याखाली झाकून, पुठ्ठा सरकवून बाहेर सोडावा. तो चुकून आलेला असतो, घरात वस्ती करत नाही.