पोर्ट फॉरवर्डिंगपूर्वी राउटरचा बाहेरचा पत्ता ताडून पाहावा

बडोद्याला दांडिया बाजारातल्या घरी बसवलेला कॅमेरा पुण्याहून पाहता यावा म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी घरातल्या ठरावीक उपकरणाकडे वळवण्याची सोय) केले जाते, आणि सगळ्या नोंदी बिनचूक असूनही कॅमेरा काही उघडत नाही. सेटिंग पुन्हापुन्हा बदलत बसण्याआधी एवढे करावे.

१. राउटरच्या पानावर ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या सदराखाली दिसणारा आयपी पत्ता लिहून घ्यावा.

२. त्याच वाय-फायवरून, आपला आयपी पत्ता दाखवणारे एखादे संकेतस्थळ उघडून दोन्ही पत्ते ताडून पाहावेत.

पत्ते वेगळे निघाले आणि राउटरमधला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला असला, तर इंटरनेट कंपनीने एकच सार्वजनिक (बाहेरून दिसणारा) पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. मग घरच्या राउटरमध्ये काहीही केले तरी बाहेरून वाट मिळत नाही, आणि कंपनीकडून स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागून घेणे हाच सरळ उपाय उरतो. राउटरमधला पत्ता १९२.१६८ने सुरू होत असल्यास बहुधा कंपनीच्या मोडेममागे आपला दुसरा राउटर जोडलेला असतो. मोडेम ‘ब्रिज मोड’वर टाकून घ्यावा, म्हणजे तो स्वतः राउटरचे काम न करता जोडणी फक्त पुढे देतो.

३. पत्ते जुळले, तर कॅमेऱ्यासाठी राउटरमध्ये स्थानिक (घरच्या नेटवर्कपुरता) पत्ता राखून ठेवावा, कारण वीज जाऊन आल्यावर तो बदलला की फॉरवर्डिंगचा नियम निरुपयोगी होतो.

चाचणी मोबाइल डेटावरूनच करावी. घरच्या वाय-फायवर ती अनेकदा फसवी ठरते.

कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड बदलल्याशिवाय मात्र पोर्ट मुळीच उघडू नये.